ठमाबाईच्या नावाचा कौल

"पर्स?" महिपत गुरवाच्या हातातला तांब्या अर्ध्यावरच राहिला. "वयनी, देवाला पर्स इचारू मी?"

"इचारा की. परवा किशोरनं मोबाइल इचारला तवा देव रागावला व्हता काय?"

"मोबाइल कामाची वस्तू हाय गो."

"मंग पर्स काय लपाछपी खेळायला हाय? भावजी, पाकळ्या लावा. आज रविवार, मानसं सकाळपासनं येतील. साडेआठला मला पायऱ्यांव उभं ऱ्हायचंय."

"लावतो, लावतो. उद्या कुनी लिपस्टिकचा कौल मागंल, त्याला बी मीच तोंड द्यायचं." महिपतने देवावर पाणी ओतलं. "घर कुनाचं बोलू?"

"नेहमीचंच बोला. सुनीलचं."

कोंडवाडी ही रायगडाच्या पायथ्याची, हिरकणीवाडीच्या खालच्या अंगाची बावीस घरांची वाडी. म्हैस घ्यायची, विहीर खणायची, पोरगी द्यायची, काहीही मोठं करायचं तर वाडी आधी भैरीला विचारते. गुरव भैरीच्या पाषाणाला पाणी घालतो, उजव्या-डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर नको. हाच कौल. शिकलेली माणसं याला हसतात. पण मुंबईत खोली घ्यायच्या आधी तीच माणसं दोन दिवसांची रजा टाकून कौलाला येतात, हेही वाडीने पाहिलं आहे.

महिपतने डोळे मिटले. "हे भैरी धन्या, बारा वाटांच्या राखणदारा, सुनील राघू तुझ्या पायाशी आला हाय. त्याच्या मनात एक चामड्याची पर्स घ्यायची हाय. बरं असंल तर उजवं दे, नसंल तर डावं दे, लेकराला वाट..."

डावी पाकळी पडली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत पडली.

"बघ," महिपत म्हणाला, आणि त्याला जरा बरंच वाटलं. "देवाला बी घाई झाली व्हती."

ठमाबाईने पाषाणाकडे पाहिलं, पदर खोचला, "बरं" म्हणाली आणि पायऱ्यांकडे चालू लागली. त्या दिवशी तिने दोन खेपा केल्या. चित्त दरवाजाशी तिच्या सुनेचं, सेजलचं ताक-सरबताचं दुकान आहे. सेजल सांगते की खाली येऊन आत्याने ताक मागितलं, अर्धं प्यायलं, आणि अर्धं तसंच ठेवून परत गेली. ठमाबाईने ताक टाकलेलं तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ठमाबाईचा धंदा ओझ्याचा. रोपवेला रांग लागली की, किंवा अंगात हौस असली की, माणसं पायऱ्यांनी गड चढायला घेतात. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. पहिल्या दोनशे पायऱ्या माणूस गप्पा मारतो, पुढच्या शंभरात गप्प होतो, आणि मग त्याला स्वतःच्याच सामानाचा राग येतो. तिथे ठमाबाई उभी असते. "द्या हिकडं," एवढंच म्हणते. नवरा राघू गेला त्या साली तिने हे काम धरलं, तेव्हा मुलगा सुनील तिसरीत होता. आज सुनील भिवंडीत एका गोदामात सुपरवायझर आहे, म्हणजे बावीस वर्षं झाली.

बावीस वर्षांत तिने बाप्यांच्या पाठपिशव्या वाहिल्या, पोरांची खेळणी वाहिली, एकदा एका नवरदेवाची तलवारही वाहिली. पण तिची खरी ओळख बायकांच्या पर्सांशी. आमच्याकडे सगळ्याला पर्सच म्हणतात, मग ती वितभर असो की हातभर. हँडबॅग म्हणणारी माणसं रोपवेने जातात.

पर्स हातात आली की ठमाबाई ती आधी एका बोटावर तोलते. मग बंद जिथे कडीला शिवलेला असतो तिथे अंगठा फिरवते. "हिचा बंद महादरवाजाला बी पोचायचा नाय," असं ती म्हणाली की समजावं, नाही पोचायचा. रेक्झिनची पर्स उन्हात मानेला चिकटते आणि घामाने तिचे पोपडे निघतात. ते पोपडे मग आंघोळीला बसलं की खांद्यावरून काढावे लागतात. खरं चामडं तसं करत नाही. ते आधी थंड लागतं, मग अंगाची ऊब घेतं आणि खांद्यावर बसतं, जसं चांगलं जनावर दावणीला उभं राहतं. हे तिचंच बोलणं. तिला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण शिवण बघून पर्स हाताने शिवली की मशीनने, हे ती चालता चालता सांगते.

तर अशा बाईच्या खांद्यावर तीन वर्षांपूर्वी डॉक्टर इरावतींची पर्स आली. या महाडच्या. मोठ्या पुरात त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यापर्यंत बुडाला होता, तो त्यांनी परत उभा केला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. पुण्याचे पाहुणे घेऊन आल्या होत्या. रोपवेने जायचं म्हणून भारीतली पर्स घेतली आणि रोपवे त्या दिवशी दुरुस्तीला बंद.

पर्स साधी होती. तपकिरी, वर एक पट्टी, कुठे चमक नाही, कुठे नाव नाही. ठमाबाईने अंगठा फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला.

"काय झालं ठमाबाई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाय. चला."

उतरताना एका ओल्या पायरीवरून ठमाबाईचा पाय सरकला. ती गुडघ्यावर आपटली, पायरीच्या कडेने गुडघा चांगला दोन बोटं फाटला. पर्स मात्र तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. डॉक्टरीणबाई घाबरून खाली बसल्या.

"अहो, सोडायची ना बॅग. हात टेकला असता तर एवढं लागलं नसतं."

"माझा गुडघा भरंल, मॅडम. ह्या चामड्याला चट्टा पडला असता तर तो भरला असता काय?"

डॉक्टरीणबाईंनी रुमालाने गुडघा बांधला. तिथेच पायरीवर दोघी बसल्या. पाहुणे पुढे गेले होते.

"कितीची हाय ही?" ठमाबाईने विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथे सांगत नाही, कारण ठमाबाईने तो वाडीत कुणालाही सांगितलेला नाही. जाफराबादी म्हशीपेक्षा कमी आणि गावठी म्हशीपेक्षा जास्त, एवढं धरून चाला.

"आनि कधी घेतलीत?"

"दोनदा दुकानात जाऊन परत आले," डॉक्टरीणबाई हसल्या. "पहिल्यांदा मैत्रिणीने घेतली म्हणून गेले होते. दुसऱ्यांदा नवऱ्याशी भांडण झालं म्हणून. दोन्ही वेळा दारातूनच फिरले. मग एकदा काहीच कारण नव्हतं. कुणाला दाखवायची नव्हती, कुणावर रागही नव्हता. ती बॅग मात्र तशीच डोक्यात होती. तेव्हा घेतली."

ठमाबाईने हे ऐकून घेतलं. घरी आल्यावर सेजलला एवढंच म्हणाली, "मला तशी पर्स घ्यायची हाय." सेजलला वाटलं, गुडघ्याच्या दुखण्याने बोलते आहे.

ती तीन वर्षं थांबली. त्या तीन वर्षांत तिने घराला न्हाणीघर बांधलं, सेजलला दुकानासाठी फ्रीज घेतला, धाकट्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात मामीचा मान म्हणून जो करायचा तो केला. प्रत्येक वेळी सेजल विचारायची, "आत्या, पर्सचं काय?" आणि ठमाबाई म्हणायची, "थांब. अजून राग हाय."

"कुनाचा राग?"

"मागं एकदा एकीनं मला पर्स दिली आनि म्हनली, मावशी, हात धुतलेत ना? तवापासनं मला वाटतं तिच्या तोंडाम्होरं नाचवायला घ्यावी. हे गेलं की घेऊ."

गेलं कधी ते तिने सांगितलं नाही. पण गेल्या वैशाखात पुण्याला भावकीतल्या लग्नाला दोघी गेल्या, आणि लग्न आटोपल्यावर ठमाबाईने रिक्षावाल्याला डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या दुकानाचा पत्ता दाखवला. नऊवारीच्या ओच्यात नारळ, हातात लग्नातली लाडवांची पिशवी. दारावरच्या माणसाने दार उघडावं की नाही याचा दोन श्वास विचार केला आणि उघडलं.

आतल्या पोरीने विचारलं, "मावशी, कोणासाठी बघताय?"

"माज्यासाठी."

पुढचा अर्धा तास त्या दुकानाने तसलं गिऱ्हाईक पाहिलं नसेल. ठमाबाईने पाच पर्सा काढायला लावल्या. एका बोटावर तोलल्या, अंगठा फिरवला, आत नाक घालून वास घेतला. तीन बाजूला सारल्या. चौथीची कडी दाताखाली धरायला निघाली तेव्हा सेजलने तिचा हात धरला. पाचवी, गडद तांबूस, काजूच्या पिकायला आलेल्या बोंडासारखी, ती तिने खांद्याला लावली.

"पायऱ्या कुटं हायत?"

"पायऱ्या?" पोरगी गोंधळली.

दुकानाच्या मागच्या अंगाला पोटमाळ्यावर जायच्या सात पायऱ्या होत्या. ठमाबाई पर्स लावून त्या वीस वेळा चढली आणि वीस वेळा उतरली. मधेच झुकली, मधेच गर्रकन वळली, एकदा लाडवांची पिशवी पर्सच्याच बाजूला घेऊन चढली. दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघत होती. हसायला आलेली पोरगी अर्ध्यात हसायची थांबली आणि पायऱ्या मोजायला लागली.

ठमाबाईने पर्स खाली ठेवली. "ही. पन आज नाय. इचारून येते."

"काकांना?"

"देवाला. ती तिथंच ठेव, मागं सारू नको."

पावसाळ्यात कुठे जायचं? वरंध घाटाचा रस्ता दरडींनी बंद, आणि वाडीत चामडं आणलं तर श्रावणापर्यंत त्याला हिरवी लव येणार. म्हणून दिवाळी होऊ दिली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी भैरीच्या देवळात ती गेली आणि डावी पाकळी पडली, तो रविवार तुम्ही वर पाहिलाच.

वाडीत बातमी जायला पायवाट पुरते. पाणवठ्यावर बायकांनी ठमाबाईला धरलं.

"ठमाबाय, देवानं नाय म्हटलं म्हनं."

"हां."

"बरंच झालं गो. ठेवनार काय व्हतीस त्या पर्समधी? मिशेरीची डबी?"

"मिशेरीची डबीच ठेवनार व्हती. तुजी मिशेरी काय बँकेत असते?"

बायका हसल्या. ठमाबाईही हसली, पण हंडा उचलताना तिचं लक्ष नव्हतं आणि पाणी अंगावर सांडलं. देवाचा शब्द मोडायचा, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही. नको म्हणजे नको. तिला खुपत होतं ते वेगळंच. तीन वर्षं मनात काही वाकडं आहे का ते तिने तपासलं होतं. तपासून मगच विचारलं होतं. मग देवाला काय दिसलं जे तिला दिसलं नाही?

सोमवारी दुपारी सुनीलचा फोन आला. सेजलने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं.

"आये, काय केलंस तू? माझ्या नावानं पर्स इचारलीस देवाला?" तो मोठमोठ्याने हसत होता. "भैरी बोलला असंल, ह्या सुनीलला काय झालं? मिशा ठेवून पर्स घेऊन फिरनार का भिवंडीत? इथं गोदामात पोरांना कळलं ना, तर मला खांद्याला काय काय लटकवतील."

"मस्करी नको करू रे."

"मस्करी नाय आये. मी तरी काय बोललो असतो देवाच्या जागी? टेन्शन घेऊ नको. दादरला फूटपाथवर शंभर टाइपच्या पर्सा हायत, येताना आनतो एक."

"तुजी पर्स तुज्यापाशी ठेव," ठमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती पडवीत तांदूळ पाखडायला बसली. सूप चार वेळा वर-खाली झालं आणि पाचव्या वेळी थांबलं. सेजल आतून म्हणाली, "काय झालं आत्या?"

"सुनीलच्या नावानं लावला ना गो आपन कौल."

"दर टायमालाच लावतो की."

"तेच बोलते मी. देवानं सुनीलला नाय म्हटलं. मला कुटं काय म्हटलं?"

हे असंच आहे वाडीचं. गाऱ्हाण्यात घराचं नाव पुरुषाचं. राघू गेला तेव्हा सुनील आठ वर्षांचा होता, आणि बाराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून देवळात घर सुनीलचं झालं. म्हैस घेतली ठमाबाईने, कौल सुनीलच्या नावाने. न्हाणीघर तिचं, कौल सुनीलचा. बावीस वर्षं ती स्वतःच सांगत आली, नेहमीचंच बोला. चूक महिपतची म्हणावी तर तिचीही तेवढीच.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ती महिपतच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो झापाखाली कोंबड्या झाकत होता.

"भावजी, येत्या रविवारी परत कौल लावायचा हाय."

"एका गोष्टीचा दोनदा कौल लागत नाय वयनी. देव काय लहान पोर हाय, हट्ट केला की देईल?"

"एक गोष्ट नाय ती. ती सुनीलची व्हती. आता माज्या नावानं लावा. ठमाबाय राघू, असं बोला."

महिपत झाप हातात घेऊन तसाच वाकलेला राहिला. कोंबडी एक बाहेर निसटली.

"बाईच्या नावाचा कौल ह्या देवळात आजवर लागला नाय."

"का?"

"का म्हंजे? लागला नाय. माज्या बापानं लावला नाय, त्याच्या बापानं लावला नाय."

"त्यांना कुनी मागितला व्हता काय?"

महिपतने हातातला झाप टाकला. तो कोंबडीमागे धावला. परत आला तेव्हा ठमाबाई तिथेच होती.

"शिमग्याला पालखी माज्या दारात येते तवा देवाची वटी कोन भरतं?" तिने विचारलं. "सुनील भरतो? तवा देव मला वळकतो आनि कौलाला वळकत नाय, असं कसं?"

"वयनी, माज्या हातात नाय. गावकी बसवावी लागंल."

"बसवा की मंग. मी बुधवारी मोकळी हाय."

बुधवारी देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर गावकी बसली. बाप्ये पारावर, बायका विहिरीच्या बाजूला, काही कामाने आल्यासारख्या. बोलणं बराच वेळ चाललं. एक जण म्हणाला, पर्ससाठी देवाचा नेम मोडायचा का. दुसरा म्हणाला, पर्सचा प्रश्नच नाही, उद्या जमिनीचे कौल बायकांच्या नावाने लागले तर? हे बोलून गेल्यावर त्याच्याच ध्यानात आलं की हे बोलायला नको होतं, कारण विहिरीकडचा आवाज एकदम बंद झाला.

शेवटी किशोर, ज्याला मोबाइलचा कौल उजवा आला होता, त्याने तोड काढली. "आपन भांडायचं कशाला? देवालाच इचारू. बाईच्या नावानं कौल लावायचा की नाय, त्याचा आधी कौल लावू."

सगळ्यांना पटलं. महिपतलाही पटलं, डोक्यावरचं ओझं देवाच्या डोक्यावर गेलं. तो उठायला लागला.

विहिरीकडून आनंदीबाईचा आवाज आला. ही वाडीतली सगळ्यात म्हातारी, नव्वदीला टेकलेली. तिला कुणी काही विचारत नाही आणि ती विचारल्याशिवाय राहत नाही. "अरे महिपत, तो कौल कुनाच्या नावानं लावनार तू?"

महिपत अर्धा उठलेला तसाच खाली बसला.

"किशोरच्या नावानं लाव," कुणीतरी म्हणालं.

"म्हंजे देव किशोरला सांगंल, किशोर, तू बाय न्हाईस," आनंदीबाई म्हणाली. "मला हसू येतंय रे, माज्या पोटात दुखतंय. लाव बाबा एकदाचा तिच्या नावानं. माजा बी एक ऱ्हायलाय सत्तर वरसं. माजं लगीन लावताना माज्या बापाच्या नावानं लावला व्हता. डावा व्हता का उजवा ते बी मला कुनी सांगितलं नाय."

पारावर कुणी हसलं नाही. महिपतने टोपी काढून डोकं खाजवलं. "रविवारी," तो म्हणाला. "सकाळी सातला. आंगोळ करून या वयनी."

रविवारी सातला देऊळ भरलं होतं. एवढी माणसं गावच्या जत्रेला असतात. भिवंडीहून सुनीलही आला होता, रात्रीच्या एसटीने. खांबाला टेकून जांभया देत होता, पण आला होता. ठमाबाई इरकली लुगडं नेसून पाषाणापुढे उभी राहिली. एरवी तिथे घरचा पुरुष उभा राहतो. तिला हात कुठे ठेवावे कळेना, बावीस वर्षांत तिचे हात मोकळे असे राहिलेच नव्हते. तिने ते एकमेकांत अडकवले.

महिपतने पाकळ्या चिकटवल्या. घसा खाकरला.

"हे भैरी धन्या, बारा वाटांच्या राखणदारा..." तो थांबला. पुढचं नाव त्याच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. "ठमाबाय राघू तुज्या पायाशी आली हाय. तिच्या मनात, तिच्या कमाईची, तिच्या खांद्यासाठी एक पर्स घ्यायची हाय. बरं असंल तर उजवं दे. नसंल तर डावं दे."

काहीच पडलं नाही.

पाच मिनिटं गेली. महिपतने पुन्हा पाणी शिंपडलं. दहा मिनिटं गेली. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, रविवारची गर्दी येत होती. सेजल दुकान उघडायला जायची होती, ती चुळबुळली. "आत्या, गाड्या आल्या."

"येऊ दे."

"जरा वारा घालू का?" किशोर हळूच म्हणाला.

"हात लावलास तर बघ," ठमाबाई मागे न बघता म्हणाली.

महिपतने दुसरं गाऱ्हाणं घातलं, तिसरं घातलं. तिसऱ्याला त्याचा स्वर बदलला. लेकीसाठी स्थळ विचारताना त्याने घातलं होतं तसं घातलं, असं तिथे असलेले सांगतात. पाऊण तास झाला होता. डाव्या पाकळीचं टोक सुटलं आणि लोंबकळलं. ठमाबाईने त्या पाकळीवरून नजर काढली नाही, डोळेही मिटले नाहीत.

आणि उजवी पडली. खाली पाण्यात पडली आणि पाणी जायच्या नळीकडे वाहत गेली. डावी अजून लोंबकळतच होती.

"उजवा," महिपत म्हणाला. मग जरा मोठ्याने, देवळाबाहेरच्यांना ऐकू जाईल असं, "ठमाबाय राघूचा उजवा कौल."

ठमाबाईने पाषाणाला डोकं टेकलं. बाहेर आनंदीबाईला दोघी जणी धरून उभ्या होत्या. ती महिपतला म्हणाली, "पुढल्या रविवारी मी." कशासाठी ते तिने सांगितलं नाही. महिपतने फक्त मान हलवली.

पायऱ्यांकडे जाताना सुनील आईच्या मागे मागे होता. "आये, डावा आला असता तर?"

"तर नसती घेतली."

"एवढं सगळं करून?"

"मंग? माज्या नावानं नाय म्हटलं असतं, तर ते माजं नाय असतं. ते बी घेतलं असतं मी." ती चालायची थांबली नाही. "पयलं नाय मात्र तुजं व्हतं. ते तू भिवंडीला घेऊन जा."

पर्स आली. मंगळवारी ती आणि सेजल वरंध घाटाने भोरवरून पुण्याला गेल्या. दुकानातल्या त्याच पोरीने तीच तांबूस पर्स कपाटातून काढली. मागे सारली नव्हती. "देव काय म्हणाले?" तिने विचारलं, आणि आता ती हसत नव्हती. ठमाबाईने तिला कौलाची सगळी गोष्ट सांगितली. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तीही ऐकत उभी राहिली. खोक्यात घालून देऊ का म्हटल्यावर ठमाबाई म्हणाली, "खोकं कशाला? खांदा हाय की," आणि पर्स लावून एसटीत बसली. घाटात दोन जणांनी तिला उठून जागा दिली. तिने घेतली नाही, पुढच्या म्हातारीला दिली. पर्समध्ये मिशेरीची डबी, आधारकार्ड आणि मोबाइल होता, बाकी पर्स रिकामी. तिला ती रिकामीच आवडते. सबंध आयुष्य भरलेल्याच वाहिल्या.

वाडीत आता ती पर्स सगळ्यांनी पाहिली आहे. बँकेत जाताना, महाडच्या बाजाराला, लग्नाला, ती खांद्यावर असते. कपाटात ठेवत नाही. ठेवली की बुरशी लागते, वापरली की लागत नाही, असं तिचं म्हणणं. गड चढताना मात्र ती नेत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "कामाला कामाचं."

परवा सकाळी ती नेहमीसारखी पायऱ्यांवर उभी होती. मुंबईचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, बायकोच्या खांद्यावर मोठी पर्स, हातात पाण्याचा थर्मास, आणि नवऱ्याच्या पाठीवर कसली तरी दोन पोत्यांएवढी पिशवी. पहिल्या वळणालाच बाई दमली.

ठमाबाईने तिच्या खांद्यावरची पर्स घेतली, एका बोटावर तोलली, बंदाच्या कडीवर अंगठा फिरवला.

"ही नीट धरून चालते मी," ती म्हणाली. "बंद कच्चा हाय. महाडला शिवून घ्या जाताना, बाजारात चांभार हाय, माजं नाव सांगा."

मग नवऱ्याची पिशवीही तिने पाठीला लावली, थर्मास दुसऱ्या हातात घेतला, पदर खोचला आणि त्यांच्या पुढे पायऱ्या चढायला लागली.